बरे होण्याची शेवटची तारीख

प्र. १ ला. योग्य जोड्या लावा.

'अ' गट: किसनराव, ज्ञानेश्वर, सुचिता, संजीवनी.
'ब' गट: उजवा कान, दमा, हृदयाची झडप, मणका.

भोपळ्यांच्या घरात हा प्रश्न पहिलीतल्या पोरानंही सोडवला असता. बाहेरच्याला मात्र अवघड, कारण चौघंही दिसायला ठणठणीत. दमेकरी किसनराव सत्तराव्या वर्षी खामगावच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पायी घरी येत, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत येत. मणका सरकलेला त्यांचा थोरला ज्ञानेश्वर गणपतीत पाच पाच तास नाचे. त्याची बायको सुचिता, झडपवाली, तीन जिने चढून गच्चीवर पापड वाळत घाली. आणि धाकट्या शिवमची बायको संजीवनी हिला शेजारच्या घरातली कुजबुजही ऐकू येई, दोन्ही कानांनी.

आजार होते ते कागदावर. जिल्हा परिषदेचा शिक्षक आजारी असला की त्याला बदलीत सूट मिळते, दूरच्या, अवघड शाळेवर कोणी धाडत नाही. त्यामुळे या घरात जितके शिक्षक तितके आजार, आणि प्रत्येक आजार किसनरावांनी जातीनं निवडलेला. स्वतः निवृत्त मुख्याध्यापक. कामात पद्धत होती. दिसेल असा आजार घ्यायचा नाही. कोणी हसेल असा घ्यायचा नाही. आणि एका घरात एकच आजार दोनदा घ्यायचा नाही, ते बरं दिसत नाही. त्यामुळे संजीवनी सून म्हणून आली तेव्हा चांगले आजार संपले होते. अंगाची हळद निघायच्या आत ते तिला ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले आणि उजव्या कानानं बहिरी करून आणलं. तिला कोणी विचारलं नाही. तिनंही वाद घातला नाही, फक्त घरात कान वापरायला सुरुवात केली. उजवीकडून कोणी चहा टाकायला सांगितला की तिला ऐकू येत नसे.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग यंदाच्या फेब्रुवारीत पत्र आलं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांवर चांगले शिक्षक जात नाहीत, म्हणून जे जातील त्यांना महिन्याला अठरा हजार रुपये वर. पगार वेगळा. तीन वर्षं तिथंच राहायचं. पण कोणीही उठून जायचं नाही. ज्यांच्या वर्गातली पोरं खरोखर वाचतात त्यांचीच यादी लागणार. यादी लागली. चिचपाटी नावाच्या वस्तीसमोर एकच नाव होतं: संजीवनी शिवम भोपळे.

जिथं कोणी जाऊ नये म्हणून किसनरावांनी उमेदीची वर्षं घातली, तिथं जायचे आता सरकार पैसे देत होतं. आणि बहिरी सून जाते म्हणत होती.

खामगावच्या घरी बोलायची सोय नव्हती. भिंतीपलीकडे शिक्षण खात्यातला कारकून राहायचा. म्हणून रविवारी सकाळी सगळे पिंपळगाव राजाच्या शेतात जमले. निमित्त रोडग्यांचं. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजायला दोन तास लागतात, आणि रोडगे पोटात गेल्याशिवाय भोपळ्यांपैकी कोणी उठून जात नाही, हे किसनरावांना ठाऊक होतं. सभेसाठी याहून पक्की कडी नव्हती.

ज्ञानेश्वरनं गोवऱ्यांचं पोतं खांद्यावर टाकलं आणि झपाझप बांधावरून आणून टाकलं.

"हळू," किसनराव म्हणाले. "कोनी पाह्यलं तर."

"शेतात कोन पाह्यते बाबा. तूर?"

प्र. २ रा. रिकाम्या जागा भरा.

किसनरावांनी बेत आखूनच आणला होता. विहिरीच्या मोटारीच्या खोलीपाशी, निंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी तो सांगितला.

"संजीवनीचं ऑपरेशन झालं. दिवाळीच्या सुट्टीत. अकोल्याले. आता दोन्ही कानानं ऐकू येते. कागद मी आनतो. जुना आजार बी खरा, अन् आता बाई बरी, ते बी खरं. कोनाच्या बापाची चौकशी नाही."

"बाबा, तुमचं डोकं," ज्ञानेश्वर खूष होऊन म्हणाला. "घरी बसूनही वाया नाही गेलं."

"अठरा हजारात एक जुनी गाडी येते हप्त्यावर," शिवम म्हणाला. त्याचं खामगावात कृषी केंद्र होतं आणि बियाण्यांच्या पिशव्यांपलीकडचं जग त्याला हप्त्यांत दिसे.

"माहं नाव यादीत काऊन नाही पन?" सुचिता वांगी चिरता चिरता म्हणाली. हा प्रश्न ती आठवडाभर विचारत होती. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तपासायला आलेल्या बाईंनी सुचिताच्या आणि ज्ञानेश्वरच्या वर्गात पोरांकडून पुस्तकाचं पान वाचून घेतलं. पोरांनी ते खणखणीत वाचलं. मग बाईंनी पान उलटलं, तरी पोरं पहिलंच पान वाचत राहिली.

"मामाजी," संजीवनी म्हणाली, "ते कानात दुर्बीण घालून पाह्यतीन. ऑपरेशन कुठं झालं म्हनून दाखवू?"

"त्याचा बी कागद आनू."

"मले कागद नाही पाह्यजे. मी खरं लिहून देऊन राह्यली."

तिनं पदराखालून घडी केलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यावर छापलं होतं:

*मी ............ लिहून देते की मला ............ हा आजार नव्हता व नाही. सदर प्रमाणपत्र मिळवण्यास मला ............ (नाव, नाते) यांनी मदत केली. मदत करणाऱ्याची सही ............*

पहिल्या दोन जागा तिच्या गोल अक्षरात भरलेल्या होत्या. बाकीच्या कोऱ्या.

"हे कुठून आनलं?"

"पत्राच्या मागल्या बाजूले आहे."

किसनरावांना पत्र मोबाइलवर आलं होतं, एका बाजूचा फोटो. पस्तीस वर्षं त्यांनी हाताखालच्या शिक्षकांना परिपत्रक दोन्ही बाजूंनी वाचायला सांगितलं होतं आणि आपला सगळा बेत मात्र अर्ध्या कागदावर उभा केला होता.

मागची बाजू संजीवनीनं वाचून दाखवली. खोटी सूट घेतलेल्यानं सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत आपणहून असं लिहून दिलं, तर कारवाई नाही. अर्ज अर्धवट असला तर बाद, यादीतल्या पुढच्या माणसाला शाळा मिळेल. आणि ज्या डॉक्टरची एक सही खोटी निघेल, त्याच्या झाडून सगळ्या सह्या तपासल्या जातील.

दमा धरून चारही आजारांवर एकाच डॉक्टरची सही होती.

"म्हंजे," शिवमनं हिशेब लावला, "हिनं अर्ज दिला, तर उद्या पाचपर्यंत दादाले अन् वहिनीलेही बरं व्हावं लागीन."

"अन् बरे झालो की सूट गेली," सुचिता म्हणाली. चाकू हातातच राहिला. "मे महिन्यात आमाले बी धाडतीन कुठंतरी डोंगरात."

"ही पैसे घेऊन जाईन," ज्ञानेश्वर म्हणाला, "अन् आमी फुकट जाऊ."

प्र. ३ रा. कोण कोणास म्हणाले ते लिहा.

१) "तुयासाठी साऱ्या घराले उन्हात उभं करून राह्यली तू."
(सुचिता, संजीवनीस. भाजीत मीठ टाकताना. मीठ दोनदा पडलं.)

२) "ताई, तुमची झडप मी नाही बिघडवली."
(संजीवनी, सुचितास.)

३) "अठरा हजार बी पाह्यजेत, अन् वरून खरं बोलनारी बी व्हायचं."
(ज्ञानेश्वर, आंब्याच्या झाडास. ऐकायचं मात्र संजीवनीनं.)

४) "पाह्यजेतच मले पैसे, भाऊजी. अकरा वर्षं झाली शिकवून राह्यली. पोरं वाचतात म्हनून कोनी चार पैसे जास्त देऊन राह्यलं, हे पहिल्यांदा. नाही वाचत म्हनून तुमचा पगार कधी कापला का कोनी?"
(संजीवनी, ज्ञानेश्वरास. ज्ञानेश्वरनं मोर्चा भावाकडे वळवला.)

५) "तू काऊन मुका बसला बे? तुयी बायको आहे न."
(ज्ञानेश्वर, शिवमास.)

६) "मी काय म्हनू. दुकान सोडून तर जाता येत नाही. शनिवारी जात जाईन."
(शिवम, भावास. बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण एका बाजूला जाऊन बसलो. गाडीही त्याच बाजूला होती, म्हणून तो उठला नाही.)

७) "अन् योगिनीचं काय? नात माही आहे. आठ वर्षांची पोरगी तिथं कोनापाशी राहीन?"
(किसनराव, सर्वांस. संजीवनीची मुलगी हा त्यांचा राखून ठेवलेला पत्ता होता.)

८) "मायीपाशी राहीन. अन् मी बी जाईन."
(किसनरावांच्या पत्नी पुष्पाबाई, रोडग्यास.)

इथं प्रश्नपत्रिका थांबली. पुष्पाबाई आरापाशी बसून चिमट्यानं रोडगे फिरवत होत्या. सकाळपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी किसनरावांच्या सभांत त्या बोलत नसत, आणि म्हणून त्या सभेत आहेत याचा सगळ्यांना विसर पडे.

"तू कायले तिकडं?" किसनराव म्हणाले.

"हवा चांगली आहे म्हनतात डोंगराची. तुमच्या दम्यासाठी पाहून येतो."

शिवम खोकल्याचं निमित्त करून पलीकडे गेला.

"अन् माह्या जेवनाचं?"

"सुचिता आहे न."

सुचिताचा भाजीतला डाव थांबला. किसनरावांनी पातेल्याकडे पाहिलं. मीठ दोनदा पडताना त्यांनी पाहिलं होतं. सुचितानं त्यांच्याकडे पाहिलं. ती या माणसाच्या एकेका पोळीच्या कडा, चहाची वेळ, ताटातल्या मिठाची जागा हे सगळं पुष्पाबाईंना सांभाळताना बारा वर्षं पाहत आली होती, आणि त्यातलं काही आपल्या अंगावर येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "तुमी गेल्या तर मीच काऊन इथं थांबू?"

ज्ञानेश्वरनं बायकोकडे असं पाहिलं की जणू तिची झडप खरंच बिघडली.

प्र. ४ था. (हा प्रश्न सक्तीचा.)

"कोनी काहीही म्हना," किसनराव उठले. "मी सही करत नाही. माहं नाव आहे या तालुक्यात. म्हातारपनी 'मदत करनारा' म्हनून सही करू?"

ते विहिरीकडे गेले आणि काठाच्या दगडावर बसले. आर अजून लाल होता, म्हणजे घरी निघून जायचा प्रश्नच नव्हता. रुसायलाही त्यांनी जवळचीच जागा निवडली.

थोड्या वेळानं संजीवनी आली आणि शेजारच्या दगडावर बसली. कागद तिनं मांडीवर ठेवला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पेन.

"मागल्या साली मले निवडनुकीच्या कामाले चिचपाटीले धाडलं होतं," ती म्हणाली. "मतदान शाळेतच. फळ्यावर तारीख होती. ऑगस्टातली. आमी गेलो तेव्हा हिवाळा. मी पुसाले गेली, तर दारातली पोरगी म्हने, नका पुसू. मी म्हटलं, काऊन? तर म्हने, मॅडम परत आल्या की त्याईले कळलं पाह्यजे कुठवर झालं होतं."

किसनरावांनी काठावरचा खडा विहिरीत टाकला.

"म्हनून चाललीस?"

"तेव्हा नाही ठरवलं. खोटं कायले बोलू. तेव्हा वाटलं, कोनी तरी जाईन. पैशाचं पत्र आलं मंग वाटलं, मीच काऊन नाही."

"मंग जा न. पन माही सही..."

"मतदान यंत्र ठेवाले कपाट रिकामं केलं," ती त्याच आवाजात पुढे म्हणाली, "त्यात शिक्षकाईचं रजिस्टर होतं. कोन कधी रुजू झालं, कोन कधी गेलं. एकोणीसशे शहाण्णवच्या पानावर कि. ग. भोपळे. पुढं लाल शाईनं लिहिलं आहे, आदेश मिळाला, हजर झाले नाहीत. खालच्या दोन ओळी कोऱ्या. दोन वर्षं."

विहिरीच्या आतून पारवे फडफडत वर आले आणि पुन्हा आत बसले. शहाण्णव साली किसनराव एक्केचाळीस वर्षांचे होते. हातात बदलीचा हुकूम होता, त्यावर वस्तीचं नाव होतं, आणि चौथ्या दिवशी त्यांना दमा झाला होता. ते नाव ते विसरले होते असं नाही. यादीत ते वाचलं तेव्हाच ओळखलं होतं. आठवडाभर त्यांनी ते फक्त मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

"कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाही. तुमच्या पोरालेही नाही."

"सांगशील का?"

"नाही." ती थोडी हसली. "पन तीन वर्षं ते कपाट माह्याच ताब्यात राहीन न मामाजी. कोनी आलं-गेलं, ताई आल्या, भाऊजी आले, रजिस्टर तर उघडंच राहते."

किसनरावांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. ही धमकी होती की थट्टा, ते त्यांना कळेना. जन्मभर त्यांनी साहेबांना असंच हसत हसत अडचणीत धरलं होतं. ते कसं दिसतं, हे मात्र आज समोरून पाहायला मिळालं.

"अक्षर कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"कोनाचं?"

"ते लाल शाईचं."

"खराब. शिपायानं लिहिलं असन. शिक्षकच नव्हता न तिथं."

किसनरावांनी हात पुढे केला. तिनं पेन दिलं. गुडघ्यावर कागद धरून त्यांनी लिहिलं: किसनराव गणपतराव भोपळे. नाते: सासरे. एवढ्यावर भागलं असतं. पण अर्धवट उत्तर त्यांना कधीच खपलं नव्हतं. कागदाच्या कडेला त्यांनी बारीक, सरळ, मुख्याध्यापकी अक्षरात जोडलं: मलाही दमा नव्हता.

आणि खाली सही केली.

मग निंबाकडे पाहून त्यांनी हाक दिली, "ज्ञानेश्वर, इकडं ये. तुयं बरं व्हायचं राह्यलं."

प्र. ५ वा. तोंडी.

रोडगे अजून तयार नव्हते. संजीवनीनं सोबत आणलेल्या दोन कोऱ्या अर्जांवर मणका आणि झडप लिहून झाली होती, आणि ज्ञानेश्वर असा बसला होता की खरोखरच त्याच्या पाठीत कळ निघाली असावी.

"ही यादी एकदाच की दरसाली?" सुचितानं विचारलं.

"दरसाली," संजीवनी म्हणाली. "मार्चात पोरं तपासतात, मंग लावतात."

सुचितानं हात पदराला पुसले. "मंग सांग न वं. पोरं वाचाले कशी लावतं तू?"

"आता?"

"आता नाही तर कधी? मेमधी तर धाडूनच राह्यले. जायचंच आहे, तर पैसे घेऊन जाऊ."

ज्ञानेश्वर हसला. मग एकाएकी हसायचा थांबला आणि पाय मोडून बायकोशेजारी येऊन बसला. "सांग," तो म्हणाला. "पाहू तरी काय जादू करतं."

संजीवनीनं आराच्या कडेचा विझलेला कोळसा उचलला. मोटारीच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर स्वतःच्या मनानं तीन खुणा काढल्या. एक आकडी, एक शेपटीवाला त्रिकोण, एक दुहेरी रेघ.

"हा 'क'. हा 'म'. हा 'ल'. पाह्यलं? झालं शिकवून. आता वाचा." तिनं त्याच खुणा शेजारी शेजारी काढल्या. "भाऊजी, उठा."

ज्ञानेश्वर उठला. भिंतीकडे पाहिलं, तिन्ही खुणांकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "क... ल..."

"लवकर. बाकीचे थांबून राह्यले."

"थांब न वं."

"काल तर सांगतलं होतं. कुठं लक्ष होतं?"

तो घामानं निथळला. सुचिता हळूच शिवमकडे झुकली, त्याला काही येतंय का पाहायला. शिवम आभाळाकडे पाहत होता. तेव्हा आरापाशी बसलेल्या पुष्पाबाई, ज्यांची शाळा दुसरीत सुटली होती, चिमटा रोखून म्हणाल्या, "कमल."

"शाबास." तिनं शेवटच्या दोन खुणांची अदलाबदल केली. "आता हे. मामाजी, तुमी सांगा."

किसनराव खुर्चीतच जरा ताठ झाले. "कमल," ते ठामपणे म्हणाले.

"नाही."

किसनरावांना 'नाही' म्हणणारा माणूस या घरात झाला नव्हता, आणि शाळेत तर तसा कोणी रुजूच झाला नव्हता.

"कलम आहे ते," पुष्पाबाई म्हणाल्या.

"आता सांगा," संजीवनी ज्ञानेश्वरकडे वळली. "उभं केलं तेव्हा पोटात काय झालं?"

"गोळा आला."

"पहिलीतल्या पोराले तो रोज येते. तुमी त्याले पान पाठ करून देता, म्हनून गोळा जाते अन् वाचनंही जाते. पान पाठ नाही करायचं. गोळा काढायचा. तिथून सुरू." ती पुन्हा भिंतीकडे वळली आणि आणखी दोन खुणा काढू लागली.

किसनराव उठले. त्यांनी खुर्ची उचलली. सुचितानं नवऱ्याला कोपर मारलं, ज्ञानेश्वरनं मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, आता हे चालले. आता पुढचा महिनाभर घरात कोणाशी बोलणार नाहीत. किसनराव चालत गेले ते भिंतीसमोर, हातभर अंतरावर. तिथं खुर्ची ठेवली, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि बसले.

संजीवनीनं खूण पुरी केली आणि मागे वळून पाहिलं.

"मामाजी," ती म्हणाली, "मागल्याईले दिसत नाही. जरा सरका."

किसनरावांनी खुर्ची उचलली आणि बाजूला सरकवली. रांग मात्र पहिलीच ठेवली.